श्रीनूनं नेलेला पियानो

सोलापुरात कुणी मला विचारलं, "तुम्ही त्या सिनेमावाल्या श्रीनिवासबरोबर पियानो शिकलात ना?" की माझं डोकं फिरतं. त्याच्याबरोबर मी शिकले नाही. तो माझ्या मागून आला. रूथ मिसच्या पियानोसमोरच्या स्टुलावर आधी मी बसत होते, चांगली दोन वर्षं, आणि श्रीनू तर तिथे पियानो शिकायला आलेलाच नव्हता. त्याला इंग्लिश यावं म्हणून बापानं आणून सोडलं होतं. पण हे कुणाला ऐकायचं नसतं. लोकांना त्याची गाणी ऐकायची असतात, आणि ती ऐकून झाली की माझ्याकडे बघून ‘तुम्ही अजून इथेच का’ असं विचारायचं असतं.

रूथ मिस रेल्वे लाइन्समध्ये एका बसक्या कौलारू बंगलीत एकट्या राहायच्या. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, इतर दिवशी सकाळी पियानो शिकवायच्या आणि त्याच्यानंतर इंग्लिश बोलायला. पियानोला आम्ही चार-दोन जण, इंग्लिशला मात्र ही झुंबड. त्यांचा पियानो उभा, कपाटासारखा, काळपट लाकडाचा. आमच्याकडच्या उन्हानं त्याचे सूर जरा उतरले होते. पुण्याहून दुरुस्तीला माणूस बोलवा म्हटलं की मिस म्हणायच्या, "मीही उतरलेच आहे की. मला कोण बोलावतंय दुरुस्तीला?"

तो पियानो मला हवा होता. बरोबरीच्या मुली सायकल मागायच्या, आणि मी आमच्या हॉलमध्ये बसून तो पियानो कुठल्या भिंतीला मावेल ते बघायचे. हॉल एवढासा. पियानो आणायचा तर आजोबांची कॉट बाहेर काढावी लागली असती. माझी तयारी होती.

श्रीनूच्या वडलांचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना. घरात तेलुगू, मागांवर तेलुगू आणि बाहेर आपलं सोलापुरी मराठी. पोराला घेऊन ते पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथेच होते. "मिस, धंद्याला इंग्लिश लागतंय बघा," ते म्हणाले. "बाहेरच्या पार्ट्या फोन करतेत, आमी नुसतं येस येस म्हणून ठेवून देतो. ह्यो तरी नीट बोलू दे." ह्यो म्हणजे तेल चोपडलेला, गुबगुबीत, दोन्ही खिशांत भाजलेल्या शेंगा भरलेला सात वर्षांचा श्रीनू. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याचा वर्ग माझ्यानंतर असायचा, पण वडलांना कारखान्यावर परत जायचं असल्यामुळे ते त्याला लवकर आणून सोडायचे. मग मी वाजवायचे आणि तो पियानोच्या बुडाशी फरशीवर बसून शेंगा फोडायचा.

तेव्हा मी परीक्षेसाठी एक तुकडा बसवत होते. त्यात एका जागी माझं डाव्या हाताचं बोट हटकून उशिरा पडायचं. रोज तिथेच अडखळायचे. एके दिवशी मिस चहा टाकायला आत गेल्या आणि मी पाणी प्यायला मागे गेले. परत आले तर हॉलमधून माझाच तुकडा ऐकू येतोय. श्रीनू उभ्यानं, टाचा उंच करून वाजवत होता. दोन्ही हातांनी. आणि त्या जागेपाशी आला तेव्हा तो बरोबर माझ्यासारखाच अडखळला. तेवढाच उशीर, तीच घाई, मग सावरणं. मिस चहाचा कप हातात घेऊन दारात उभ्या. त्यांना हसू आवरेना. "मीनल, बघ गं, तुझी चूकसुद्धा उचलली यानं."

"चूक व्हय ती?" श्रीनू म्हणाला. "मला वाटलं गाणं तसंच हाय."

मला तेव्हा काय वाटलं ते मी आजही सांगू शकते. मी जळले. दोन महिने मी त्या बोटाशी झगडत होते आणि ह्यानं ते शेंगा खाता खाता घेतलं. दुसऱ्या दिवसापासून इंग्लिशऐवजी तो स्टुलावर बसायला लागला. त्याच्या वडलांना ते कळायला वर्ष लागलं. कळल्यावर ते येऊन पोराचं वाजवणं शांतपणे ऐकत बसले आणि जाताना म्हणाले, "बरं हाय. पर ह्याचं इंग्लिश कवा निघणार?"

मला तो पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचा. त्यांच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. माझ्या आईला ह्याचं फार कौतुक. "बघ, किती लाघवी पोर आहे," म्हणायची. लाघवी होताच तो. तेच तर अवघड होतं. दुष्ट असता तर मला नीट जळता आलं असतं.

त्याच्या सवयी मला अजून पाठ आहेत. नोटेशनचं पुस्तक तो समोर ठेवायचा ते नुसतं मिसना बरं वाटावं म्हणून. कितीदा तर ते उलटं ठेवलेलं असायचं. सराव नावाची गोष्ट त्यानं केली नाही. मी पहाटे उठून, शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन, घरच्या छोट्या कीबोर्डवर तास तास घासायचे. हा मिसकडे यायचा तोच पहिल्यांदा पियानो उघडायचा. डावा हात त्याचा कायम कच्चा राहिला. मिस म्हणायच्या, "डावा हात कुणाकडे गहाण ठेवलायस रे?" तो म्हणायचा, "आणतो की मिस, उद्या." आणि वस्तूंना कान लावायचा. पियानोच्या पाठीला, पाण्याच्या टाकीला, रिक्षाच्या सीटला, मिसच्या शिसवी खुर्चीला. वडलांचा एक जुना फोन पुढे त्याला मिळाला, तर त्यात त्यानं मिसच्या फाटकाची कडी, दूधवाल्याचं कॅनचं झाकण, माझं शिंकणं असं सगळं साठवून ठेवलं. मी म्हटलं, "पुस ते." तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे की, अक्का. छान शिंकतीस तू." हे त्याचं ठरलेलं होतं. काहीही बिघडलं, वाकडं झालं, सांडलं, की "ऱ्हाऊ दे की".

आमच्या परीक्षा लंडनच्या कुठल्याशा बोर्डाच्या असायच्या आणि गोरा परीक्षक पुण्याला यायचा. मिस आम्हा दोघांना घेऊन सकाळच्या गाडीनं निघाल्या. मी रस्ताभर मांडीवर बोटं चालवत होते. श्रीनू खिडकीला गाल लावून झोपला होता. माझी परीक्षा जशी व्हायला हवी तशी झाली. बोट कुठेही अडलं नाही, साहेब ‘गुड’ म्हणाला. मग श्रीनू आत गेला. त्या परीक्षेत एक भाग असा असतो, की साहेब एक ओळ वाजवतो आणि ती आपण गाऊन दाखवायची. आतून आधी साहेबाची ओळ ऐकू आली. मग श्रीनूची. मग एकदम साहेबाचं खदाखदा हसणं. झालं होतं असं, की श्रीनूनं ओळ गायली, बिनचूक गायली, आणि शेवटी साहेब खुर्चीत मागे रेलला तेव्हा खुर्ची जशी करकरली ती करकरसुद्धा त्याच सुरात गाऊन दाखवली. "वाजवलंय तर सगळं म्हणायला नको?" हा त्याचा खुलासा.

परतीच्या गाडीत मिसनी ते तीनदा वदवून घेतलं. दौंड गेलं, कुर्डुवाडी गेलं, त्यांचं हसू काही थांबेना. डोळ्यांना रुमाल लावत होत्या. मी खिडकीकडे बघत होते. माझ्या कुठल्या गोष्टीला त्या कधी एवढ्या हसल्या नव्हत्या. माझ्यावर त्या खूश असायच्या, माझा अभिमान होता त्यांना, पण ते खूश असणं वेगळं. निकाल लागला तर मला डिस्टिंक्शन आणि श्रीनू काठावर पास. नोटेशन बघून वाजवायच्या प्रश्नात त्यानं चक्क स्वतःचंच काहीतरी वाजवलं होतं. मिसनी मला शाईचं पेन दिलं. त्याला काही दिलं नाही. पण पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला त्या गोष्ट सांगायच्या ती खुर्चीची, डिस्टिंक्शनची नाही.

मी सगळ्या परीक्षा दिल्या. लग्न झालं, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, घरी मुलांना कीबोर्ड शिकवायला लागले. श्रीनूनं मधेच परीक्षा सोडल्या, कॉलेजही सोडलं, आणि कारखान्याच्या माडीवर एक कॉम्प्युटर, एक दोन वितीचा कीबोर्ड आणि दोन स्पीकर मांडून मंडळांची गाणी करायला लागला. आमच्याकडे प्रत्येक मंडळाला आपलं गाणं लागतं. भाऊंचं नाव त्यात दर दोन ओळींनी आलं पाहिजे आणि डॉल्बीवर लावलं की खिडक्या थरथरल्या पाहिजेत. बाकीची पोरं ठोकळा ताल टाकून भाऊंचं नाव ओरडायची. श्रीनूचं तसं नव्हतं. एका दत्ताभाऊंच्या वाढदिवसाचं गाणं त्याच्याकडे आलं, तर हा भाऊंच्या गल्लीत जाऊन बसला, ऐन जेवणाच्या वेळी, फोन चालू करून.

ती मिरवणूक रेल्वे लाइन्समधून गेली तेव्हा मी मिसकडेच होते. मिसची नजर तोवर बरीच गेली होती आणि मी रोज जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचे. लांबूनच जमीन हादरायला लागली. मिस म्हणाल्या, "माझी खुर्ची फाटकाशी ने." मला वाटलं, आता ह्या कानात बोटं घालतील, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते. ट्रकवर स्पीकरची भिंत, मागे पोरं नाचतायत, दत्ताभाऊ फेटा बांधून उघड्या जीपमध्ये उभे. ताल चढत चढत गेला, त्यावर पियानोची एक ओळ, आणि एकदम सगळं थांबलं. त्या शांततेत, सबंध रस्त्याला ऐकू जाईल अशी, एका म्हातारीची हाक आली. "ए दत्त्या, मुडद्या, जेवायला ये की. भाकरी गार झाली." आणि धाडकन ताल परत सुरू.

पोरं हसून हसून खाली बसली. दत्ताभाऊ आधी लाल झाले. मग त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि जीपमधून उतरून असे नाचले की त्यांना आवरायला माणसं लागली. मिस काठीनं ठेका धरून ऐकत होत्या. मिरवणूक पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आईचा आवाज खरा आहे. पियानो मात्र खोटा आहे, पत्र्याचा." दुसऱ्या दिवशी श्रीनूला बोलावून त्यांनी झाडला. "खरा पियानो घरात असताना हा कुठला डबा वाजवलास?"

"मिस, तुमचा पियानो डॉल्बीवर कसा चढवायचा?" तो म्हणाला. आणि मग पियानोच्या पाठीला कान लावून बसला.

पुढच्याच उन्हाळ्यात मिसच्या भाचीनं ठरवलं, की आता त्यांनी एकटीनं राहायचं नाही. नाशिकला न्यायचं. बंगली सोडायची. नाशिकच्या फ्लॅटमध्ये पियानो मावणार नव्हता. हे कळल्याच्या दिवशी मी घरी आले आणि हॉलमधला सोफा बाजूला ओढून भिंत मोकळी केली. नवऱ्यानं विचारलं, काय चाललंय? म्हटलं, काही नाही, झाडतेय. मला खात्री होती. दुसरं कोण होतं? सगळ्या परीक्षा दिलेली मी. रोज जाणारी मी. हेच शिकवून पोट भरणारी मी.

मिसनी आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाल्या, "एकच वस्तू आहे आणि तुम्ही दोघं आहात. मला निवडायला लावू नका. तुमचं तुम्ही ठरवा."

मी सभ्यपणे गप्प बसले. मला वाटलं, तो म्हणेल, अक्काला द्या. तो म्हणाला, "मला पाहिजे."

मी उठले, चप्पल घातली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी राहवलं नाही म्हणून गेले, तर बंगलीचं दार आतून बंद. फटीतून पाहिलं. हॉलच्या सगळ्या भिंतींना टॉवेल टांगलेले. कारखान्यातले डागाळलेले, शिवण चुकलेले, लाल, पिवळे, निळे टॉवेल. खिडक्यांवर, दारावर, कपाटावर, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. भर मे महिन्यात पंखा बंद. पियानोच्या तोंडाशी दोन माइक, आणि श्रीनू बनियनवर बसून एकेक पट्टी दाबतोय. आधी अगदी हळू. मग मध्यम. मग जोरात. दर वेळी तो आवाज पार विरून जाईपर्यंत दगडासारखा बसून राहायचा. असे सगळे सूर त्याला कॉम्प्युटरात साठवायचे होते. म्हणजे मग जगात कुठेही, कुठल्याही प्लॅस्टिकच्या कीबोर्डवर बोट ठेवलं की मिसचा पियानो वाजणार. मिस त्यांच्या खुर्चीत, घामानं डबडबलेल्या. त्यांना बाहेर जा म्हटलं तर म्हणाल्या होत्या, माझा पियानो आहे, मी बसणार. मी दार वाजवलं नाही. त्यानंतर तिकडे फिरकलेही नाही.

आठवड्यानं तो आमच्या घरी आला. डोळे तारवटलेले, अंगाला टॉवेलचा धागा चिकटलेला. "अक्का, टेम्पो कवा सांगू?"

"कशाला?"

"पियानो आणायला की. माझं झालं."

माझं झालं. ताट वाढून घ्यावं, हवं ते खावं आणि उरलेलं दुसऱ्यापुढे सरकवावं, तसं. मी लहानपणापासून ज्याच्यासाठी जीव टाकत होते ते त्यानं एका आठवड्यात वापरून मला दिलं. नको म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही. टेम्पोबरोबर तो स्वतः आला, हमालांना दम देत, पियानोला मिठी मारून मागे उभा राहून. आमच्या हॉलमध्ये तो बरोबर त्या भिंतीला लागला. मिस नाशिकला गेल्या, आणि दोनेक महिन्यांत श्रीनूही हैदराबादला गेला. तिथल्या एका संगीतकारानं त्याचं काम ऐकून त्याला हाताखाली घेतलं होतं. काय आवडलं म्हणे त्यांना? पियानोचा आवाज.

मी मात्र माझ्या पियानोचं सोनं करायचं ठरवलं. पुण्याहून माणूस आणला. तो चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला होता. गंजलेल्या तारा बदलल्या, आतल्या हातोड्यांवरचे झिजलेले लोकरी नमदे बदलले, कीड लागलेली लाकडं काढली, सूर नेमके मिळवले, वरून पॉलिश केलं. मिसना जे कधी जमलं नाही ते मी केलं. मिसच्या वाढदिवसाला मी त्यांची आवडती नाताळची धून वाजवून पाठवली. भाचीनं फोन त्यांच्या कानाशी धरला आणि मग मिस बोलायला आल्या.

"छान वाजवलंस गं मीनल. डावा हात अगदी स्वच्छ. कुठला पियानो घेतलास?"

"तुमचाच आहे, मिस."

"असं का," म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "असं का."

आणि थोड्याच दिवसांनी भाचीचाच फोन. टीव्हीवर चॅनल बदलता बदलता एक तेलुगू गाणं लागलं. सुरुवातीला नुसता पियानो. मिसना ना ती भाषा कळत, ना पडदा दिसत. पण पहिल्या सुराला त्या खुर्चीत ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "हा माझा पियानो आहे. कोण वाजवतंय? श्रीनू? डावा हात अजून कच्चाच आहे त्याचा." भाची हसत हसत सांगत होती. तिला वाटलं, मला आनंद होईल.

मी काय वाईट केलं होतं? बिघडलेली वस्तू दुरुस्त करतात की नाही? मी केली. त्यानं बिघडलेली तशीच उचलून नेली, आणि मिसच्या लेखी मिसचा पियानो तो. माझ्या हॉलमध्ये लाकूड होतं, पॉलिश केलेलं. त्या दिवशी मी मुलांना सुटी दिली आणि झाकण उघडलंच नाही.

मिस गेल्या त्या मागच्या वर्षी. झोपेतच गेल्या. नाशिकला मी पोचले तेव्हा श्रीनू आधीच आलेला होता, विमानानं. तिथेही आधी तोच. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसून नुसता ऐकत होता.

मग परवा तो सोलापुरात आला होता, वडलांना बघायला. आता तो स्वतः गाणी करून देणारा मोठा प्रोड्यूसर. त्याच्या हाताखाली चार पोरं. माझ्याकडे आला तो वडलांच्या जुन्या स्कूटरवरून. पोट सुटलंय, केस विरळ झालेत. आल्या आल्या पियानोकडे गेला, झाकण उघडलं, एक पट्टी दाबली आणि नेहमीसारखा कान लावून ऐकलं.

"लई भारी केलंस, अक्का. एकदम नवा."

एवढंच म्हणाला आणि झाकण लावलं. चिडावं असं त्यात काही नव्हतं. त्यामुळे जास्तच लागलं.

चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि एक छोटा कीबोर्ड काढून माझ्या पियानोच्या झाकणावरच ठेवला. म्हणाला, "एक ऐकवायचं होतं. मिस असताना आणायचं ऱ्हाऊन गेलं." मला हेडफोन दिला. "ही खालची पट्टी दाब. हळू. आन सोडू नको."

मी दाबली. कानात मिसचा हॉल उघडला. तो उतरलेला, जरा घोगरा सूर, त्याच्यामागे बंद खिडक्यांचा उकाडा, खुर्चीची हालचाल. सूर विरत गेला. आता संपला असं वाटलं तेवढ्यात त्याच्या तळाशी, अगदी बारीक, मिसचा आवाज आला. "मीनल नाही का रे आली आज?"

मी बोट उचललंच नाही. नंतर परत दाबली. परत तेच.

"असं पुष्कळ ठिकाणी हाय," श्रीनू म्हणाला. "रोज विचारायच्या. मी काढून टाकलं न्हाय."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला राग आला. पियानो त्यानं नेला, ठीक. मिसचं हसू नेलं, ठीक. पण मिसनी मला मारलेली हाक, माझ्या नावाची, तीही ह्याच्याचकडे? मी हेडफोन काढला. "हे मला दे," म्हटलं. "आणि तुझ्याकडचं पुसून टाक."

मला वाटलं, तो नेहमीसारखा हसेल आणि ‘घे की’ म्हणेल. सगळं सोडून देणारा माणूस तो. पण तो हसला नाही.

"देतो," म्हणाला. "पुसणार न्हाय."

"का? नाव माझं आहे."

"म्हणूनच." तो कीबोर्डची वायर गुंडाळत होता, खाली बघत. "मी सगळं शोधलंय, अक्का. त्या आठवड्याचं सगळं. तिकडं गेल्यावर, कितीतरी वेळा, हेडफोन लावून. तुझं नाव हाय, तुझ्या मिस्टरांचं हाय, दूधवाल्याचंसुदिक हाय. माझं न्हाय. मला नुसतं अरे म्हणायच्या. अरे पाणी दे, अरे झालं का." वायर परत सुटली, त्यानं ती परत गुंडाळली. "तुला हाक मारायच्या. मी तितंच बसलेलो की, समोर."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मिस गेल्याचं दुःख, त्याचं उतरलेलं तोंड, सगळं खरं होतं, आणि तरी मला आतून इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. आयुष्यभर मी ह्या माणसावर जळले, आणि हा हैदराबादला, एवढ्या मोठ्या स्टुडिओत, दार लावून माझ्यावर जळत होता. बाहेर आले तेव्हा त्यानं ते सूर माझ्या लॅपटॉपमध्ये घालून ठेवले होते आणि बूट घालत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

गॅलरीतून मला खाली पार्किंग दिसतं. त्यानं पिशवी पुढे अडकवली, हेल्मेट चढवलं, स्कूटरवर बसला, पण चालू केली नाही. दोन्ही हात हँडलवर ठेवून नुसता बसून राहिला. रस्त्यावर कुणीतरी कणसांची गाडी ढकलत नेत होतं. मी कठड्याशी गेले आणि हाक मारली, "श्रीनू, सावकाश जा रे." जरा मोठ्यानंच मारली, समोरच्या बाईनं मान वर करून पाहिलं. त्यानं मागे पाहिलं नाही. हेल्मेट होतं डोक्यावर, ऐकू गेलं की नाही कोण जाणे.